पुन्हा दाखवायला या

२०११ च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला. शुगर बरीच वर्षं होती. नवी चप्पल लागली असेल म्हणून त्यांनी हळद दाबली आणि कुणाला काही सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी मोजा काढताना वास आला, तेव्हा घराला कळलं. पुढचे सात महिने आम्ही सोमवार आणि गुरुवारच्या हिशेबावर जगलो. डॉक्टर चिमट्यानं पिवळा थर उचलायचे, कात्रीनं कडा साफ करायचे, सलाईननं जखम धुवायचे. मग एक कागदी पट्टी जखमेला लावून लांबी-रुंदी वाचायचे आणि केसपेपरवर एक ओळ लिहायचे. निघताना ठरलेलं वाक्य असायचं, "पुन्हा दाखवायला या."

त्या दिवसांत मी पुण्यातल्या एका कंपनीत मेडिकल कोडर होते. दिवसभर अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट वाचायचे, डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक कामाला आणि आजाराला कोड लावायचा. तो कोड बिलावर चढून विमा कंपनीकडे जायचा. जखमेच्या सफाईचे, म्हणजे डिब्राइडमेंटचे, कोड नेमके त्याच वर्षी १ जानेवारीपासून बदलले होते. जुने ११०४० आणि ११०४१ रद्द झाले. किती खोलवरचं मांस काढलं आणि किती चौरस सेंटिमीटर काढलं, या दोन गोष्टींवर कोड ठरू लागला. तो तक्ता मला पाठ होता. पण चौरस सेंटिमीटर म्हणजे काय, हे मला वडिलांच्या तळव्यावर कळलं. तीन बाय दोनची जखम अडीच बाय दीड झाली, त्या संध्याकाळी आईनं देवापुढे साखर ठेवली.

या पुस्तकाची सुरुवात त्या कागदी पट्टीपासून झाली, असं मी मानते. जखमेसाठी पुन्हा दाखवायला आलेल्या अमेरिकेतल्या रुग्णाचं बिल कसं तयार होतं, त्यावर कोणता कोड लागतो आणि कोणता लागू नये, एवढाच त्याचा विषय आहे. पुणे, नवी मुंबई, नाशिक, नागपूर इथली मुलं-मुली आज हे काम करतात. कुणी बी. फार्म. झालेलं असतं, कुणी होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेली, कुणी फिजिओथेरपिस्ट, तर कुणी मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. कोडिंगचं काम बहुतेक दिवसा चालतं. बिल अडलं की अमेरिकेतल्या विमा कंपनीला फोन करणारी ए. आर. कॉलिंगची मंडळी रात्रपाळीत बसतात. दोघांचंही पोट त्या चार ओळींच्या नोंदीवर चालतं, जी एखाद्या डॉक्टरनं ओहायोत किंवा फ्लोरिडात पुढचा रुग्ण आत यायच्या आधी घाईघाईत लिहिलेली असते.

नवख्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. अमेरिकेत बिलावर मुख्यतः दोन प्रकारचे कोड असतात. काय केलं, हे सीपीटी कोड सांगतो. सीपीटीचं पुस्तक अमेरिकन मेडिकल असोसिएशन काढते, पहिलं १९६६ साली निघालं आणि दर १ जानेवारीला त्याची नवी आवृत्ती लागू होते. का केलं, हे निदानाचा कोड सांगतो. त्यासाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम वापरात आहे. कामाचा कोड आणि कारणाचा कोड एकमेकांना धरून असले तर क्लेम पुढे सरकतो. नसले तर डिनायल येतं, म्हणजे विमा कंपनी पैसे नाकारते. एवढं लक्षात ठेवून पुढे चला, बाकीचं आपोआप उलगडत जाईल.

पहिल्या भेटीचा चार्ट सहसा स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. रुग्ण का आला, काय दिसलं, काय केलं, सगळं त्यात असतं. पुन्हा आलेल्या रुग्णाचा चार्ट तसा नसतो. "जखम ठीक. टाके काढले. दोन आठवड्यांनी परत." संपलं. हे टाके कुणी घातले होते? कधी? त्या शस्त्रक्रियेचा ठराविक काळ अजून चालू आहे का? रुग्ण आज ज्यांच्याकडे आलाय ते तेच सर्जन आहेत, त्यांच्याच गटातले आहेत, की कुणी वेगळेच? या प्रश्नांची उत्तरं त्या तीन वाक्यांत नसतात. ती मागच्या तारखांत असतात. म्हणून मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते, की फॉलो-अपचा चार्ट उघडलात तर आधी मागचं पान उलटा.

त्या "ठराविक काळा"लाच ग्लोबल पिरियड म्हणतात. आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. कित्येक दवाखान्यांच्या केसपेपरवर सात दिवसांत फेरतपासणी मोफत असं छापलेलं असतं. आयुष्मान भारत योजनेच्या पॅकेजमध्येही घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च धरलेला असतो. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरच्यांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्यानं १९९२ मध्ये डॉक्टरांना पैसे देण्याची पद्धतच बदलली. हार्वर्डचे विल्यम शाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक कामाला लागणारा वेळ, कौशल्य, ताण मोजून त्याला सापेक्ष मूल्य देण्याची पद्धत मांडली होती. ती त्या वर्षी लागू झाली, आणि शस्त्रक्रियेच्या पॅकेजचे नियमही देशभर एकसारखे झाले. लहान कामांना शून्य किंवा दहा दिवस, मोठ्या शस्त्रक्रियांना नव्वद. नव्वदचा हिशेब प्रत्यक्षात ब्याण्णव दिवसांचा असतो: आदला दिवस, शस्त्रक्रियेचा दिवस आणि नंतरचे नव्वद. दहाचा अकरा दिवसांचा असतो, त्यात आदला दिवस धरत नाहीत. या काळात ड्रेसिंग बदलणं, टाके किंवा स्टेपल काढणं, नळी काढणं, जखम तपासणं हे सगळं शस्त्रक्रियेच्या पैशातच आलं. त्याचं वेगळं बिल लागत नाही.

एक उदाहरण बारकाईनं बघू. ते खरं नाही, वर्गात शिकवायला मी रचलेलं आहे. खऱ्या रुग्णाची ओळख पटेल असं काहीही चार्टबाहेर नेता येत नाही, अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्यापासून आपल्या धंद्याची ती पहिली अट आहे. एकाहत्तर वर्षांच्या एका बाईंचा गुडघा बदलला, कोड २७४४७, ग्लोबल नव्वद दिवसांचा. चौदाव्या दिवशी त्या सर्जनकडे आल्या, स्टेपल काढले. पैशाचं बिल नाही. पाचव्या आठवड्यात जखमेच्या खालच्या टोकाला लाली आली, थोडा पू येऊ लागला. सर्जननं जखम तिथेच साफ केली, अँटिबायोटिक लिहून दिलं. नवा कोडर इथे हमखास ९९२१३, म्हणजे तपासणीच्या भेटीचा कोड, लावतो, कारण त्याच्या मते इन्फेक्शन हा नवा आजार आहे, डॉक्टरनं विचार केलाय, औषध दिलंय. मेडिकेअरचं म्हणणं वेगळं आहे. शस्त्रक्रियेतून उद्भवलेली गुंतागुंत पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न नेता निस्तरली, तर ती पॅकेजमध्येच. मात्र सीपीटीचं पुस्तक पॅकेजमध्ये फक्त नेहमीची देखभाल धरतं, गुंतागुंत धरत नाही. म्हणून एखादी खासगी विमा कंपनी याच भेटीचे पैसे देऊही शकते. एकच जखम, एकच भेट, आणि विमा कुणाचा यावर उत्तर बदलतं. चार्टवरचं विम्याचं नाव वाचल्याशिवाय कोड लावू नका, हे मी उगाच सांगत नाही.

गोष्ट पुढे नेऊ. सहाव्या आठवड्यात जखम उसवली, आतपर्यंत पू गेला आणि बाईंना थिएटरमध्ये नेऊन सांधा धुवावा लागला. आता बिल होतं, पण कोडला मॉडिफायर ७८, म्हणजे दोन आकडी जोड, लावून. तो सांगतो, की हे आधी ठरलेलं नव्हतं, पहिल्या शस्त्रक्रियेशी संबंधित कारणानं रुग्णाला परत थिएटरमध्ये न्यावं लागलं. पैसे मिळतात ते फक्त शस्त्रक्रियेच्या मधल्या भागाचे, आणि नव्वद दिवसांची मोजणी नव्यानं सुरू होत नाही. तेच काम आधीपासून टप्प्याटप्प्यानं करायचं ठरलं असतं तर ५८ लागला असता, पूर्ण पैसे आणि नवी मोजणी. थिएटर म्हणजे काय, हेही मेडिकेअरनं लिहून ठेवलंय. रुग्णाची खोली चालत नाही, दवाखान्यातली छोटी ड्रेसिंगची खोली चालत नाही. आयसीयू चालतं, पण फक्त रुग्ण हलवण्याच्या अवस्थेत नसेल तर. याच बाईंचा खांदा त्याच काळात दुखू लागला आणि त्याच सर्जननं तो तपासला, तर ती भेट ९९२१३ सारख्या कोडला मॉडिफायर २४ जोडून वेगळी लावता येते. कारण खांद्याचा गुडघ्याशी संबंध नाही. आणि जखम उसवल्यावर बाई वेगळ्या तज्ज्ञतेच्या वूंड केअर क्लिनिकमध्ये गेल्या असत्या, तर त्या डॉक्टरांना सर्जनचं पॅकेज लागूच होत नाही.

मग चौदाव्या दिवशीची ती स्टेपल काढायची भेट कुठेच दिसत नाही का? दिसायला हवी. तिच्यासाठी ९९०२४ हा कोड आहे. त्याची किंमत शून्य. शून्याचा कोड कशाला लावायचा, असं मुलं विचारतात. त्यामागे मोठी गोष्ट आहे. नव्वद दिवसांच्या पैशात ज्या भेटी धरल्या आहेत, त्या प्रत्यक्षात होतात का, हा मेडिकेअरला बराच काळ पडलेला प्रश्न. २०१४ मध्ये मेडिकेअरनं दहा आणि नव्वद दिवसांची पॅकेजं मोडून सगळी शून्य दिवसांची करायचं ठरवलं. म्हणजे प्रत्येक भेटीचं वेगळं बिल. सर्जनांच्या संघटनांनी विरोध केला आणि २०१५ मध्ये संसदेनं कायदा करून तो बदल थांबवला, पण आधी माहिती गोळा करा असं सांगितलं. त्यातून १ जुलै २०१७ पासून नऊ राज्यांत, दहा किंवा जास्त डॉक्टर असलेल्या गटांना ९९०२४ लिहिणं सक्तीचं झालं. ओहायो, फ्लोरिडा, न्यू जर्सी ही त्यातली तीन. जे हाती आलं ते धक्का देणारं होतं. दहा दिवसांच्या पॅकेजच्या शस्त्रक्रियांत, जिच्यामागे एक तरी फॉलो-अप भेट नोंदली आहे, असं प्रमाण शंभरात चारच्या आसपास निघालं. भेटी झाल्याच नाहीत, की झाल्या आणि कुणी लिहिल्या नाहीत, यावर वाद झाला. कोडरच्या खुर्चीतून मला एवढंच दिसतं: शून्य रुपयाची नोंद लावायला कुणाला वेळ नव्हता, आणि त्या न लावलेल्या नोंदींवरून दर ठरवण्याची चर्चा झाली. शून्याचा कोडही पूर्ण काळजीनं लावा.

आतापर्यंत आपण कापलेल्या आणि शिवलेल्या जखमेबद्दल बोललो. पण वूंड केअर क्लिनिकमध्ये येणारा बहुतेक रुग्ण वेगळा असतो. त्याला कुणी कापलेलं नसतं. मधुमेहानं पाय बधिर झालेला असतो, शिरांतलं रक्त नीट वर चढत नसतं, किंवा महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून माकडहाडावर व्रण झालेला असतो. तो पुन्हा पुन्हा येतो, माझे वडील जायचे तसा. इथे दर वेळी होणाऱ्या सफाईचा ग्लोबल शून्य दिवसांचा असतो, म्हणून प्रत्येक भेट स्वतःच्या पायावर उभी राहते. त्वचा आणि वरचा मेलेला थर निवडून काढला तर ९७५९७. त्वचेखालच्या चरबीच्या थरापर्यंत गेलं तर ११०४२. स्नायू किंवा त्यावरच्या पडद्यापर्यंत ११०४३, हाडापर्यंत ११०४४. प्रत्येकात पहिले वीस चौरस सेंटिमीटर धरलेले. पुढच्या प्रत्येक वीससाठी जोडीचा कोड. एकाच खोलीच्या जखमांचं क्षेत्रफळ बेरजेत घ्यायचं. उजव्या पायावर चार बाय तीन, डाव्यावर पाच बाय तीन, दोन्ही चरबीपर्यंत साफ केल्या, तर बारा आणि पंधरा मिळून सत्तावीस. मग ११०४२ एकदा आणि ११०४५ एकदा. खोली वेगवेगळी असेल तर बेरीज करायची नाही.

याच ठिकाणी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती मी दर बॅचला सांगते आणि इथेही लिहिते. एका चार्टमध्ये डॉक्टरनं लिहिलं होतं, की टाचेच्या जखमेत हाड दिसतंय. खाली सफाईची नोंद होती. मी ११०४४ लावला. ऑडिटला तो चार्ट निघाला तेव्हा समोर बसलेल्या ताईंनी मला नोंद मोठ्यानं वाचायला लावली. "त्वचेखालचा मेलेला भाग धारदार चमच्यानं काढला." हाडाला कुणी हातच लावला नव्हता. जखम कितीही खोल असो, सफाईचा कोड ठरतो तो सर्वात खोलवर जे मांस प्रत्यक्ष काढलं, त्यावर. आणि क्षेत्रफळ जखमेचं नाही, जेवढा भाग साफ केला तेवढ्याचंच. क्लेम गेलेला होता, पैसे आलेले होते, दुरुस्त करून परत पाठवावे लागले. मला त्या दिवशी रडू आलं ते ओरडा बसला म्हणून नाही, ताई ओरडल्याच नव्हत्या. रोज रात्री मी वडिलांच्या जखमेत बघत होते, कुठपर्यंत दिसतं आणि कुठपर्यंत डॉक्टर कात्री नेतात यातला फरक डोळ्यांनी पाहत होते, आणि कामावर बसल्यावर तोच फरक मला दिसला नाही.

निदानाचा कोड मात्र जखमेचीच खोली सांगतो, आणि गोंधळ होतो तो इथे. टाइप दोनच्या मधुमेहातल्या पायाच्या व्रणाला ई११.६२१, आणि त्याच्या जोडीला एल९७ मधला कोड, जो जागा, बाजू आणि खोली सांगतो. उजव्या पावलाच्या पुढच्या भागावरची जखम चरबीच्या थरापर्यंत उघडी असेल तर एल९७.५१२. हाडाचा भाग मेलेला असेल तर शेवटचा आकडा चार. त्याच भेटीत निदान हाडाचं आणि सफाई चरबीची, असं अगदी बरोबर असू शकतं. दोन्हीकडे एकच खोली दिसायला हवी असा हट्ट धरणारा ऑडिटर मी पाहिला आहे, तो चुकत होता. जखम पूर्ण भरली की एल९७ सोडायचा. मग झेड८६.३१, पायाला व्रण होऊन गेल्याचा इतिहास. माझ्या वडिलांची जखम भरली त्या दिवशी त्यांच्या केसपेपरवर मराठीत फक्त "जखम भरली" एवढंच लिहिलं होतं. दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

अपघाताच्या जखमेचं गणित आणखी निराळं. तिथे कोडाचं सातवं अक्षर बोलतं. ए म्हणजे सक्रिय उपचार चालू आहेत, डी म्हणजे जखम भरण्याच्या टप्प्यातली नेहमीची देखभाल, एस म्हणजे मागे राहिलेला परिणाम. ए म्हणजे पहिली भेट आणि डी म्हणजे दुसरी, असा समज इतका पक्का रुजलाय की तो उपटायला मला दर बॅचमध्ये दोन दिवस लागतात. रुग्ण तिसऱ्या डॉक्टरकडे पाचव्यांदा गेला आणि अजून सक्रिय उपचार चालू असले तर ए. उजव्या पोटरीची चीर भरत आलीय आणि रुग्ण फक्त पट्टी बदलायला आलाय, तर एस८१.८११ च्या पुढे डी. शस्त्रक्रियेच्या जखमेचे टाके काढायला झेड४८.०२ आहे, पट्टी बदलायला झेड४८.०१ आहे. पण अपघाताच्या जखमेला हे झेड कोड लावायचे नाहीत, तिथे जखमेचा मूळ कोड डीसह चालवायचा. शस्त्रक्रियेची जखम उसवली तर टी८१.३१, आणि तिच्यावर उपचार चालू आहेत तोवर ए, भले मूळ शस्त्रक्रियेला दोन महिने होऊन गेलेले असोत. प्रश्न भेटीच्या क्रमांकाचा नाही. त्या कोडात जे नाव आहे, त्यावरचे उपचार कोणत्या टप्प्यात आहेत, हा प्रश्न आहे.

मॉडिफायर २५ बद्दल पुस्तकात अख्खं प्रकरण आहे, इथे थोडक्यात. सफाई झालेल्या दिवशी हा मॉडिफायर जोडून वेगळी तपासणीची भेटही लावायची, हा मोह सगळीकडे असतो. जखम बघणं, सफाई करायची की नाही ते ठरवणं, नंतर सूचना देणं हे त्या सफाईतच आलं. वेगळी भेट लागते ती डॉक्टरनं त्यापलीकडे काही ठळक काम केलं असेल तर. समजा त्यांनी इन्सुलिनचा डोस बदलला, पायाच्या रक्तपुरवठ्याची नवी तक्रार तपासली. आणि फक्त पट्टी बदलली, दुसरं काही नाही? मग भाजलेल्या जखमा सोडल्या तर डॉक्टरांच्या बिलावर पट्टीचा स्वतंत्र असा कोड मिळत नाही, ती भेटीतच मोडते.

आता मराठीबद्दल. चार्ट इंग्रजीत असतो आणि असणार. कोडिंगची परीक्षाही इंग्रजीत, शंभर प्रश्न, चार तास. मग हे मराठीत कशासाठी? कारण जखम आपण मराठीत ओळखतो. आपल्या घरात जखम चिघळते, चरत जाते, खपली धरते, वाळते, भरून येते, आतून पोकळ राहते, वरून भरल्यासारखी दिसून आत पू धरते. या प्रत्येक शब्दामागे कुणीतरी जखमेत वाकून पाहिलेलं आहे. बारामतीकडच्या एका मुलीला वर्गात 'स्लफ' आणि 'एस्कार' यांतला फरक कळेना. मी तिला विचारलं, की तुमच्या गोठ्यात बैलाच्या खांद्याला जू लागून जखम झाली तर कशी दिसते? तिनं क्षणभरही विचार न करता सांगितलं, वर काळी कडक खपली असते आणि तिच्याखाली पिवळं बुळबुळीत असतं. काळं ते एस्कार, पिवळं ते स्लफ. त्यानंतर ती या दोन्हींत कधी चुकली नाही. 'अंडरमायनिंग' म्हणजे कडेखाली पोखरलेली जागा, 'ग्रॅन्युलेशन' म्हणजे लाल दाणेदार नवं मांस. हे शब्द मुलांना पाठ करावे लागत नाहीत, आठवावे लागतात. म्हणून पुस्तकात प्रत्येक इंग्रजी संज्ञेपाशी आमच्याकडचा शब्द दिलाय. कोडचे नियम मूळ पुस्तकाप्रमाणे काटेकोर आहेत, त्यात मराठीपणाची सूट घेतलेली नाही.

या कामात पैसा किती फिरतो, याची कल्पना नसलेला कोडर हे काम हलकं समजतो. जखमेवर लावायच्या तयार त्वचेसारख्या थरांवर, स्किन सब्स्टिट्यूट्सवर, मेडिकेअरचा वर्षाचा खर्च २०१९ मध्ये तीस कोटी डॉलरच्या आत होता. २०२४ मध्ये तो दहा अब्ज डॉलरच्या पुढे गेला. जखमा तेवढ्या वाढल्या नव्हत्या. ब्रँडनुसार चौरस सेंटिमीटरला वेगवेगळा दर मिळत होता, आणि महागडा थर मोठ्या तुकड्यांनी, गरज नसताना लावलेल्या प्रकरणांत खटले झाले. १ जानेवारी २०२६ पासून मेडिकेअरनं तिथे ब्रँडनिहाय दर काढून सरसकट दर आणला. सरकारला खोटं बिल देणाऱ्याकडून वसुली करण्याचा कायदा अमेरिकेत लिंकनच्या काळापासून, १८६३ पासून, आहे, आणि आज त्यात नुकसानीच्या तिप्पट वसुली करता येते. या सगळ्या प्रकरणांच्या तळाशी कुठेतरी एक नोंद होती, एक लांबी-रुंदी होती, आणि तिला कुणीतरी कोड लावला होता.

दुसऱ्या टोकाला रुग्ण असतो. मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या बिलात वर्षाची ठरलेली रक्कम भरून झाली की सहसा वीस टक्के रुग्णाच्या खिशातून जातात. ग्लोबलमध्ये बसणाऱ्या भेटीला चुकून लावलेला ९९२१३ विमा कंपनीनं पकडला नाही, तर त्याचा वीस टक्के वाटा त्या एकाहत्तर वर्षांच्या बाईंच्या पत्रपेटीत जाऊन पडतो. बाई पुण्यातल्या कोडर मुलीला ओळखत नाहीत. ती त्यांना ओळखत नाही. तरी तिच्या एका आकड्यानं त्यांच्या महिन्याच्या औषधाचे पैसे इकडचे तिकडे होतात. उलटही होतं. थिएटरमधल्या कामाला ७८ लावायचा राहून गेला तर सर्जननं केलेल्या कामाचे पैसे अडतात. दोन्ही चुका सारख्याच वाईट आहेत, आणि टार्गेटच्या घाईत दोन्ही होतात. म्हणून जिथे नोंद अपुरी आहे तिथे अंदाज करू नका, डॉक्टरांना क्वेरी पाठवा. खोली लिहिली नसेल तर विचारा. कात्रीनं काढलं की नुसतं धुतलं हे कळत नसेल तर विचारा. आणि डॉक्टरला उत्तर सुचवू नका, मोकळा प्रश्न विचारा. मागच्या आठवड्याची नोंद जशीच्या तशी चिकटवलेली दिसली, तीन आठवडे जखम एका मिलिमीटरनंही हलली नाही असं दिसलं, तर गप्प बसू नका. एका ठिकाणी अशा नोंदी वर कळवल्यावर मला सांगण्यात आलं, की आपलं काम कोड लावायचं आहे. मी ते मानलं नाही आणि पुढेही मानणार नाही. आपलं काम वाचायचंही आहे.

पुस्तक कसं वापरायचं, ते सांगून थांबते. पहिली तीन प्रकरणं क्रमानं वाचा, बाकीची लागतील तशी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वीस रचलेले चार्ट आहेत, उत्तरं बघण्याआधी तारखा कागदावर मांडा. शेजारी मोजपट्टी ठेवा, चौरस सेंटिमीटर एकदा हातानं आखून बघा. इथले कोड हे पुस्तक छापलं त्या दिवशीचे आहेत. सीपीटी दर १ जानेवारीला बदलतं, आयसीडी दर १ ऑक्टोबरला. टाके काढण्याचे १५८५३ आणि १५८५४ हे जोडीचे कोडच २०२३ मध्ये नव्यानं आले आणि जुना १५८५० गेला. म्हणून चालू वर्षाचं मूळ पुस्तक शेजारी उघडं असल्याशिवाय यातला एकही कोड बिलावर लावू नका.